पाटलाची पिकप काऊन बंद पडे

मी मूळचा उंद्रीचा, चिखली तालुक्यातली उंद्री, आमी लोहार लोक, माहा बाप बैलगाडीच्या चाकायले लोखंडाची धाव चढवे. धाव लाल तापवायची, चाकावर ठोकायची अन् वरून पाणी मारायचं, मंग ते लोखंड आवळलं का चाक करकर आवाज करे, अन् त्या आवाजावरून माहा बाप पाठ फिरवून सांगे का ही बसली अन् ही नाई बसली, काढा. तर कान मले बापाकडून आला गुरुजी, हे पहिले लिहा. त्या कानाचं मी पुढं काय केलं ते सांगतोच, त्याच्याचसाठी बसवलं तुम्हाले इथं.

बाप गेला तवा मी सोळा-सतराचा असन. धाव बसवायच्या कामात दोघा भावायचं पोट भरत नव्हतं, म्हणून मी खामगावले गेलो, तिथं कापसाच्या ट्रका लय, अन् एका उस्तादाच्या कारखान्यात लागलो. बुढा माणूस, तोंडात सदा पान, शिव्या भलत्या देये, पण मोटरीचं काम असं करे का काय सांगू तुम्हाले. पाना हातात देत नव्हता. सहा महिने मी नुसत्या गाड्या पुसल्या अन् पुर्जे घासलेटात धुतले. तो म्हणे बेटा, पहले आँख, फिर नाक, फिर हाथ, पाना सबसे आखरी में. अन् पेट्रोल हुंगायचं असलं तर त्याच्या पहिले हात साबणानं धुवायले लावे, मातीनं घासायले लावे, मले वाटे बुढा सोवळं पाळते का काय. मी हासो त्याले. आज हासू येत नाई.

सात वर्षांनी उस्तादानं एक पाना-पेटी देऊन मले मोकळं केलं, अन् मी धाड गावाले येऊन बाजाराच्या बाजूला टिनाचं शेड टाकलं. तवा नुकताच महाराष्ट्र झाला होता, आमचा विदर्भ इकडं आला, शाळेत पोट्ट्यायले पेढे वाटले होते म्हणे, मी नाई खाल्ले, मी एका ट्रकच्या खाली होतो. तवा या भागात मोटरी बोटावर मोजण्याएवढ्या. बाकी सगळ्या बैलगाड्या. म्हणून मोटरीचा मिस्तरी म्हणजे डॉक्टरच्या बरोबरीचा माणूस. अन् मी करे काय, तर लांब दांडीचा पेचकस, स्क्रू फिरवायचा तो, इंजनावर टेकवायचा, मूठ कानाले लावायची अन् डोळे मिटून उभं राह्यचं. लोकं चूप. मंग डोळे उघडून सांगायचं का तिसऱ्या सिलेंडरचा वाल्व गेला. उघडून पाह्यलं तर तोच निघे. लोकं म्हणत कानाचा मिस्तरी. त्या नावानं माहं डोकं फिरलं गुरुजी, खरं सांगतो. पुढं पुढं तर मी नुसतं लोकायसाठी डोळे मिटो.

आता पाटलाची पिकप. पाटील म्हणजे धाडहून दोन कोसावरच्या गावचे, गावाचं नाव नका लिहू. मळा मोठा, टमाटे, वांगे, मिरची, कोथिंबीर, अन् तो माल बुलढाण्याच्या बाजारात न्यायले त्यायनं मिलिटरीच्या लिलावातली जुनी पिकप घेतली होती. वरून निळा रंग मारला होता पण जिथं पोपडा निघे तिथं खालचा हिरवा दिसे. पेट्रोलची टाकी डायवरच्या सीटखाली, अन् टाकीचं तोंड बाजूनं बाहेर, त्याच्यावर फिरकीचं पितळी झाकण. पेट्रोल किती हाय ते सांगणारा काटा मोडलेला, म्हणून झाकण काढून आत काडी बुडवून पाहा लागे. गाडी हँडल मारून चालू होये. अन् ती चालवे किसन.

किसन डायवर सुलतानपूरचा, लोणार गावाच्या बाजूचा. काळा, उंच, कमी बोलणारा माणूस. पाटलाच्या मळ्यातच बायको घेऊन राहे. ती पिकप त्यानं अशी ठेवली होती का कोणी बैल ठेवणार नाई. सकाऊन उठला का पहिले फडकं. बारीकसारीक दुरुस्ती तो स्वतःच करे, प्लग साफ कर, पट्टा बदल, त्याच्यामुळं गाडी माह्याकडं कमी येये. एकदा त्यानं पाटलाले म्हणलं होतं का एवढ्या कामाले मिस्तरीकडं न्यायची गरज नाई. ते माह्या कानावर आलं होतं. आता कान चांगला असला का हेही ऐकू येते. मनात राह्यलं ते. मी काही त्याच्यावर डूख धरून नव्हतो, पण राह्यलं होतं, खोटं काऊन बोलू.

अन् त्या वर्षी किसनचं एक काम होऊन राह्यलं होतं. एसटीत डायवर भरती होती. त्याचं लायसन होतं, गाडी चालवलेली होती, फक्त ज्याच्याकडं नोकरी केली त्याचा चांगल्या चालीचा दाखला पाह्यजे होता. पाटील म्हणले दसरा-दिवाळी होऊ दे, टमाट्याचा माल निघू दे, मंग देतो लिहून, मी काय तुले अडवणार हाय. किसननं खाकी कापड पण घेऊन ठेवलं होतं, त्याची बायको बाजारात बायायले सांगे का आता आमचं माणूस एसटी चालवणार. आमच्या भागात एसटीचा डायवर म्हणजे गुरुजी, तुम्हाले सांगायले नको, लोकं त्याले हॉटेलात बसायले जागा देत.

दसरा झाला अन् पाच-सहा दिवसायनं पिकप बंद पडायले लागली. चांगली चाले, दोन-तीन कोस जाये अन् फट फट करून बंद. मंग हँडल मारा, मारा, मारा, काही नाई. अन् थोड्या वेळानं आपोआप झाल्यासारखी चालू. किसन एकदा माह्या शेडात आला अन् म्हणाला मिस्तरी, एक विचित्रच होऊन राह्यलं, बंद पडली का मी झाकण काढून काडी टाकून पेट्रोल पाह्यतो, तर पेट्रोल असते, मंग झाकण लावून हँडल मारलं का चालू होते. झाकण नाई काढलं तर नाई होत. काऊन होत असन असं?

गुरुजी, रोगाचं नावच सांगतलं होतं त्यानं मले. पूर्ण. दुसरा कोणी समजदार मिस्तरी असता तर तिथंच उठला असता अन् झाकण हातात घेतलं असतं. मी काय म्हणलं? मी म्हणलं काबे किसन, तुही गाडी काय वासरू हाय, तोंडात बोट घातलं का उभं राह्यते? चार लोकं बसले होते चहा पेत, ते हासले. किसन पण थोडा हासला अन् गेला.

मंग धाडच्या बाजाराच्या दिवशी पिकप भर बाजारात बंद पडली. माल भरलेला, वरून ऊन, पाटील स्वतः सोबत. मी शेडात एका जीपचे पुर्जे घासलेटात धूत बसलो होतो, बोलावणं आलं तसा उठलो, हात फडक्याले पुसले अन् गेलो. पाह्यतो तर ही गर्दी. मिरचीवाले, बांगड्यावाले, बैल घेऊन आलेले, सगळे गोल करून उभे, कानाचा मिस्तरी आला म्हणून वाट सोडली मले. अन् मी पेचकस काढला अन् डोळे मिटले. बंद इंजनाले कान लावला गुरुजी! बंद इंजन काय बोलणार हाय? पण लोकायले पाह्यजे होतं ते.

मंग काम केलं. प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरली, किसनले हँडल मारायले लावलं, टक टक निळी ठिणगी पडली. म्हणजे करंट बरोबर. मंग कार्बोरेटरचा प्याला खोलला, तर कोरडा. पेट्रोलचा थेंब नाई. म्हणजे टाकीतून पेट्रोल इकडं येतच नाई. इथपर्यंत सगळं बरोबर केलं मी. आता टाकी पाह्यची म्हणून झाकण फिरवलं, तर सुस्स असा आवाज झाला, हवा आत ओढल्याचा. या कानानं ऐकला मी तो. बारीक होता, बाजाराचा एवढा गलका होता, तरी ऐकला. अन् सोडून दिला.

काऊन सोडून दिला? काऊन का त्याच घटकेले मी टाकीच्या तोंडाशी नाक नेलं, हात काठावर होता, अन् मले घासलेटाचा वास आला. बस. डोक्यात बत्ती पेटली असं वाटलं. त्या दिवसांत काही डायवर तसं करत, मालकाचं पेट्रोल काढून विकायचं अन् वर घासलेट टाकायचं, आठ दिवसापहिलेच एका जीपमधी मीच ते पकडलं होतं अन् लोकायनं मोठी वाहवा केली होती. मी ताठ उभा राह्यलो अन् सगळ्या बाजारासमोर म्हणलं, पाटील, गाडीले काही झालं नाई, गाडीच्या पोटात घासलेट गेलं हाय, आता कोणी टाकलं ते तुमी तुमच्या माणसाले पुसा.

सगळे किसनकडं पाहायले लागले. त्याच्या हातात हँडल होतं. तो एवढंच म्हणाला, मिस्तरी, एकदा अजून हुंगा.

मी नाई हुंगलं. म्हणलं माहं नाक काय खोटं बोलते? मी टाकी खालून रिकामी केली, दुसऱ्या डब्यातून नवं पेट्रोल टाकलं, झाकण उघडंच होतं तोवर, हँडल मारलं अन् गाडी दोन दणक्यात चालू. आता याच्यावर कोण काय बोलणार? बाजार म्हणाला वा मिस्तरी. पाटलानं किसनकडून हँडल घेतलं, हिसकून नाई, हळूच घेतलं, अन् म्हणले किसन, तू घरी जा. किसननं सीटखालची ती पेट्रोल मोजायची काडी काढली, फडक्यानं पुसली, परत जागच्या जागी ठेवली अन् पायी निघाला. दाखल्याचं तर नावच नाई. दुसऱ्या दिवशी बायको अन् बोचकं घेऊन तो सुलतानपूरले गेला असं समजलं.

महिना-दीड महिना गेला. पाटलानं दुसरा डायवर ठेवला, तो धड नव्हता पण पेट्रोल रोजच्या रोज थोडंथोडंच भरे, म्हणून झाकण रोज उघडं होये, टाकीत मोकळी हवा राहे अन् गाडी चालत राह्यली. मंग एक दिवस त्यानं टाकी पूर्ण भरली अन् लांबचा पल्ला गेला, अन् पिकप रस्त्यात बंद. मले सायकलवर बसवून नेलं. तिथं कोणी नव्हतं, मी, तो डायवर अन् दोन्ही बाजूनं तुरीचे वावर. हात त्या दिवशी स्वच्छ होते माहे, सणाची आंघोळ करून बसलो होतो. झाकण फिरवलं, सुस्स. डायवरले म्हणलं हँडल मार. चालू झाली. झाकण घट्ट लावून चालू ठेवली, बऱ्याच वेळानं फट फट, बंद. झाकण काढलं, सुस्स. चालू.

मंग मी ते झाकण हातात घेतलं अन् उलटं-सुलटं केलं. टाकीच्या झाकणाले एक बारीक भोक असते गुरुजी, सुई जाईन एवढं, हवा आत जायले. पेट्रोल जसं जसं कमी होते तशी वरून हवा आत गेली पाह्यजे, नाई तर पेट्रोल पुढं सरकतच नाई. त्या झाकणावर शेंदराचा जाड थर होता. तेलात कालवलेला शेंदूर, त्याच्यावर धूळ बसून बसून दगडासारखा झालेला, अन् भोक त्याच्याखाली गडप. अशानं गाडी थांबे. घासलेट कुठंच नव्हतं. अन् घासलेट असतं तर कार्बोरेटरचा प्याला घासलेटानं भरला असता, कोरडा नसता राह्यला, हे उस्तादाच्या कारखान्यात झाडू मारणारा पण सांगेन. वास माह्याच हाताचा होता.

मी खाली बसलो रस्त्यावर. डायवर म्हणे काय झालं मिस्तरी, मी म्हणलं काही नाई, कचरा हाय. बाभळीच्या काट्यानं मी ते भोक मोकळं केलं, झाकण लावलं, गाडी गेली ती त्याच्यानंतर कधी तशी बंद पडली नाई. अन् पाटलानं पुसलं तर मी म्हणलं कार्बोरेटरमधी कचरा होता. हात न धुता नुसते पुसले ती एक चूक, पण हे खोटं मी डोळे उघडे ठेवून बोललो. त्या दिवशी सांगतलं असतं तर एसटीची भरती अजून चालूच होती. मी मनात म्हणो दसऱ्याच्या पूजेत पाटलाच्या मायनं भक्तीनं शेंदूर लावला असन, बुढीले कसं दुखवायचं, तिच्यासाठी चूप राह्यलो. खोटं हाय ते. मी माह्या नावासाठी चूप राह्यलो. कानाचा मिस्तरी चुकला असं बाजारात कोणी म्हणू नये म्हणून.

दहा-बारा वर्षं गेली. पाटलाची माय वारली. पाटलानं डिझेलची गाडी घेतली अन् जुनी पिकप भंगारात काढली, ती मीच घेतली. ती पाहा, तिकडं लिंबाखाली उभी हाय, चाकं काढलेली. लोकं म्हणतात मिस्तरी तोडून इकत काऊन नाई. झाकण तेवढं मी काढून घरात ठेवलं होतं. त्याच्यावर अजून लय वर्षं गेली, अन् यंदा दसऱ्याले हत्यारं पुजायले बसलो, शेंदराची वाटी हातात घेतली, अन् मले काही पुजणं झालं नाई. बायकोले म्हणलं मी सुलतानपूरले जातो. ती म्हणे सणाचं? मी म्हणलं सणाचंच.

झाकण खिशात घातलं, एसटीत बसलो. अन् सारा रस्ता त्या डायवरच्या पाठीकडं, त्याच्या खाकी सदऱ्याकडं पाह्यत गेलो. सुलतानपुरात किसनचं घर पुसलं तर एक पोट्टा म्हणाला कोणतं किसन, घासलेट्या का? गुरुजी, एवढ्या लांब जाऊन पोचलं होतं ते.

किसन अंगणात वाखाचे दोर वळत बसला होता. केस पिकले. मले वळखलं त्यानं, या मिस्तरी म्हणाला, बायकोले म्हणाला चहा ठेव. मी बसलो नाई, उभ्यानंच सगळं सांगतलं, माह्या हाताचा वास, झाकण, रस्त्यात काटा घालून भोक मोकळं केलं ते, चूप राह्यलो ते. अन् झाकण त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उन्हाकडं धरून भोकातून पाह्यलं. मंग तोंडाले लावून फुंकलं, हवा आरपार गेली. तो म्हणाला, असं होय, मले एवढे दिवस वाटे का ती काऊन बंद पडे, मी किती विचार केला मिस्तरी, वावरात काम करता करता पण तेच डोक्यात.

झाकण मांडीवर ठेवलं अन् म्हणाला, मंग चूक माहीच झाली. मी म्हणलं तुही कशी? तो म्हणाला दसऱ्याले पाटलाची माय पूजेचं ताट घेऊन आली, म्हणे पोळ्याले बैलाच्या तोंडात घास देतो आपण, ही गाडी कुठून खाते ते मले दाखव, तिच्या तोंडाची पूजा करते. मीच झाकण दाखवलं तिले. लय प्रेमानं लावला तिनं शेंदूर, बोटानं दाबून दाबून. मंग तो माह्याकडं पाहून म्हणाला, बुढीले तर नाई ना सांगतलं तुमी हे? मी म्हणलं नाई, ती गेली. तो म्हणाला, बरं केलं.

मी रडलो गुरुजी. त्यानं मले शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शिवी नाई दिली, पण त्याची बायको चहा घेऊन आली, कप माह्या पुढं ठेवला अन् म्हणाली, दादा, घरात येऊन सांगतलं ते ठीक, पण म्हणलं होतं तुमी बाजारात. माह्या लेकायले लोकं अजून बापावरून नावं ठेवतात. तिचं खरं होतं. कप तसाच ठेवून मी निघालो.

मी आलो अन् पहिले पाटलाकडं गेलो. पाटील आता थकले, खाटेवर असतात. ऐकून घेतलं अन् म्हणले झालं गेलं मिस्तरी, आता कशाले उकरता. मंग बाजाराच्या दिवशी धाडच्या बाजारात उभा राह्यलो, जिथं पिकप उभी होती तिथंच, अन् सांगायले लागलो. तर कोण ऐकते? जे तवा हासले होते त्यातले निम्मे वारले, निम्म्यायले आठवत नाई. नवे पोट्टे म्हणे कोणता किसन, कोणती पिकप? एक जण म्हणे हा हा, तो घासलेटवाला डायवर. नाव विसरले, गाडी विसरले, मी सांगतलेलं खोटं तेवढं राह्यलं. अन् खरं सांगतो म्हणलं तर म्हणे मिस्तरी बुढे झाले, जाऊ द्या.

म्हणून तुम्हाले बोलावलं. तुमी लिहिता, तुमचं लिहिलेलं लोकं वाचतात. माहं नाव पण लिहा, कानाचा मिस्तरी लिहा, चुकला म्हणून लिहा, लपवू नका. बुढीचं नाव नका लिहू, किसनले नाई आवडणार. एसटी आता त्याले कोणी देऊ शकत नाई, मी तर नाईच नाई. पण तो जिथं असन तिथं सुखी राहो, त्याच्या लेकायले लोकं बापाच्या खऱ्या नावानं हाक मारोत, एवढं देवानं करावं, माह्या वाटचं काही नको.

मले वाचता येत नाई जास्त, सहीपुरतं येते. त्याचं नाव कुठं आलं या कागदात? किसन, सुलतानपूरचा, असं लिहिलं न? दाखवा मले, बोट ठेवून पाह्यतो. थांबा, थांबा, कागद तसाच धरा. हात धुऊन येतो पहिले, साबणानं. नाई तर घासलेटाचा वास लागन त्याच्या नावाले.